रेडियम नसलेलं रेडियम

विंचूरच्या उपबाजारात कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे राहिले की लिलाव सुरू होईपर्यंत वाचायला भरपूर असतं. चांदवडकडून आलेल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बहुधा रेणुकामाता, येवल्याकडच्या ट्रॅक्टरवर कोटमगावची जगदंबा. मडगार्डवर मुलांची नावं, ट्रॉलीच्या फाळक्यावर गावाचं नाव आणि त्याखाली लाल चकाकती पट्टी. हे सगळं कुठून आणलं असं विचारलं तर उत्तर एकच: ‘रेडियमवाल्याकडून.’

या धंद्याबद्दल मला नेहमी दोन प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न असा: ‘हे खरंच रेडियम असतं का? मग अंगाला बाधत कसं नाही?’ दुसरा जरा अवघड आहे. ट्रॅक्टरवर लावलेलं नाव वर्षानुवर्षं टिकतं, मग तेच नाव होडीवर लावलं तर दुसऱ्या पावसाळ्याच्या आत कडेने का उचलतं? कांद्याच्या गावात होडीचा प्रश्न कुठून आला, असं कुणी म्हणू नये. आमच्या निफाड तालुक्यातच नांदूर-मध्यमेश्वरचा जलाशय आहे, वर गंगापूर धरणावर बोट क्लब आहे. आणि होडी हा चिकटवण्याच्या कलेतला सर्वांत कठीण पेपर आहे. तो सोडवता आला की ट्रॅक्टर, पिकअप, काच, क्रेट हे सगळे पेपर सोपे जातात.

१. नाव कुठून आलं

रेडियम हे मूलद्रव्य मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली शोधलं. त्याच्या किरणांनी झिंक सल्फाइडसारखे पदार्थ अंधारात उजळतात, हे कळल्यावर दोन्ही मिसळून रंग तयार झाला आणि तो घड्याळाच्या काट्यांवर, आकड्यांवर चढला. अमेरिकेत १९२०च्या आसपास हे काम करणाऱ्या मुलींना ब्रशला टोक काढण्यासाठी तो ओठांत धरायला शिकवलेलं होतं. त्यांतल्या अनेकींची जबड्याची हाडं सडली, काही जणी दगावल्या. किरणोत्साराचे धोके जगाला कळले, त्यात या मुलींच्या वेदनांचा मोठा वाटा आहे.

रंगातून रेडियम पुढे हद्दपार झालं, पण आपल्याकडे शब्द राहिला. ‘रेडियमचं घड्याळ’ म्हणजे अंधारात दिसणारं घड्याळ. मग अंधारात दिसणारं ते सगळं रेडियम. मग अंधारात दिसणारी पट्टी ज्याच्या दुकानात मिळते, त्याच्याकडचं सगळंच रेडियम, अगदी रात्री मुळीच न दिसणारी काळी अक्षरंसुद्धा! शब्दाचा प्रवास असा झाला असावा हा माझा तर्क आहे. पण आज या दुकानात रेडियम नावाला म्हणूनच आहे, हे मात्र नक्की. बाधण्याचा प्रश्नच येत नाही.

त्या दुकानात खरं तर तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, उजेड पिऊन नंतर थोडा थोडा सोडणारी, म्हणजे मुलांच्या खोलीत छताला लावतात त्या हिरवट चांदण्या. दुसरी, उजेड परत पाठवणारी, म्हणजे ट्रॉलीची पट्टी. आणि तिसरी, यातलं काहीच न करणारी साधी रंगीत फिल्म. हिचं नाव विनाइल. धंद्याचा मोठा भाग तिसरीचा आहे, पण आधी दुसरी उरकून घेऊ, कारण तिच्यात गंमत आहे आणि ती जीवही वाचवते.

२. आल्या वाटेने परत

कॅरमचा बोर्ड घ्या. कोपऱ्यातला खिसा बुजवला आहे असं समजा. आता कोपऱ्याच्या रोखाने स्ट्रायकर तिरका मारा. तो एका पट्टीला आपटेल, तिथून दुसरीला आपटेल आणि ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत येईल. तुम्ही कुठल्याही कोनातून मारा, काटकोनातल्या दोन पट्ट्या त्याला माघारी धाडतात. उजेडासाठी दोनाऐवजी तीन भिंती लागतात, घराच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तशा. भारी दर्जाच्या पट्टीत असे बारीक कोपरे हजारोंनी कोरलेले असतात. स्वस्त पट्टीत त्यांच्याऐवजी काचेचे सूक्ष्म मणी असतात. मण्यात शिरलेला उजेड मागच्या बाजूला एकवटतो आणि तिथून उलट फिरतो. मांजराचे डोळे रात्री चमकतात तेही साधारण असंच.

साधा आरसा असं करत नाही. ट्रॉलीच्या मागे आरसा लावला आणि गाडीचा दिवा त्यावर तिरका पडला, तर उजेड भलतीकडे शेतात जाईल. पट्टी मात्र तो ज्याने पाठवला त्यालाच परत करते. म्हणून ती फक्त दिवा असलेल्यालाच झगझगीत दिसते, शेजारी उभ्या माणसाला नाही. खात्री करायची असेल तर बॅटरी आधी कपाळाशी धरून पट्टी पाहा, मग हात लांब करून पाहा.

आता एक छोटा हिशेब. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर थांबलेली ट्रॉली ३० मीटरवर आल्यावर दिसली, तर हाती दोन सेकंदही उरत नाहीत. पट्टीमुळे तीच १५० मीटरवरून दिसली, तर नऊ सेकंद मिळतात. उसाच्या हंगामात रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॉल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना या सात सेकंदांचं मोल सांगायला नको. रंगांचा संकेतही ठरलेला आहे: मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी. दुकानात पिवळीच शिल्लक होती म्हणून मागे पिवळी लावू नये. मागून येणाऱ्याला ट्रॉली आडवी उभी आहे की सरळ चालली आहे, हे त्या रंगावरूनच कळतं.

चांगल्या लाइफ जॅकेटच्या खांद्यावर चंदेरी पट्ट्या असतात, त्याही याच जातीच्या. काळोख्या पाण्यात माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं. शोधणाऱ्याची बॅटरी त्या पट्टीवर पडली तरच तो सापडतो.

३. लाटलेली पोळी आणि धिरडं

आता साधं विनाइल. याचं पूर्ण नाव पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे आपल्या शेतातल्या पाइपाचा पीव्हीसी. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो आणि तो साध्या मिठापासून मिळतो. पाइप कडक असतो, फिल्म मऊ. फरक आहे तो मिसळलेल्या तेलकट द्रव्याचा. हा मऊ पीव्हीसी १९२६ साली वॉल्डो सेमन या अमेरिकी रसायनज्ञाच्या हाती लागला. त्याला खरं तर रबर धातूला चिकटवणारा गोंद हवा होता. गोंद काही जमला नाही, पण मिळालेली वस्तू आज आपण गोंद लावूनच धातूला चिकटवतो आहोत!

फिल्म करायच्या दोन रीती आहेत. पहिलीत गरम रुळांमधून पीव्हीसी लाटून पातळ करतात. दुसरीत तो द्रवरूपात गुळगुळीत कागदावर ओततात आणि भट्टीत सुकवतात. स्वयंपाकघरातला माणूस हा फरक लगेच ओळखेल. मैद्याची पोळी ओढून ओढून लाटली की पोळपाटावर ठेवताच ती हळूच आकसते. धिरड्याचं पीठ तव्यावर ओतलं की जिथे पसरलं तिथेच राहतं, कारण त्याला कुणी ताणलेलंच नसतं. लाटलेल्या फिल्मच्या अंगात ताण असतो आणि उन्हाने मऊ झाली की ती मूळ आकाराकडे जाऊ पाहते. जुन्या अक्षरांभोवती काळपट रेघ दिसते ती यामुळेच. फिल्म आकसली, गोंद होता तिथेच राहिला आणि त्यावर धूळ बसली.

लाटलेली फिल्म साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असते, ओतलेली ५० च्या आसपास. तुमचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर जाडीचा अंदाज येईल. इथे पातळ ती महाग, कारण पातळ फिल्म वळणावर, खिळ्याच्या डोक्यावर, होडीच्या फुगीर अंगावर मुकाट बसते. सपाट फाळक्यासाठी लाटलेली पुरते. होडीसाठी ओतलेलीच घ्यावी, इथे काटकसर करू नये.

ऊन-थंडीचा हिशेबही पाहू. आमच्या निफाड तालुक्यात हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पेपरात झळकतो आणि मे महिन्यात बॉनेटवर हात ठेववत नाही. समजा, पहाटे १० अंश आणि दुपारी पत्रा ६५ अंश, म्हणजे ५५ अंशांचा फरक. तेवढ्यात ६० सेंटीमीटरचा लोखंडी पत्रा जेमतेम ०.४ मिलिमीटर वाढतो, पण तेवढीच सुटी विनाइलची पट्टी दोन मिलिमीटरच्या वर वाढेल. रोज हे असं. पत्रा आणि फिल्म यांचं हे भांडण मधला मऊ गोंद सोसतो. त्याच्याकडे आता वळू.

४. अळवावरचं पाणी

फेव्हिकॉल सुकून धरतो. स्टिकरचा गोंद कधीच सुकत नाही. तो अतिशय घट्ट द्रव आहे, काकवीपेक्षा कितीतरी घट्ट. दाब दिला की तो पृष्ठभागाच्या बारीक खाचखळग्यांत उतरतो आणि जितका पसरेल तितका धरतो. स्वतःच चिकटणारी लेबलं स्टँटन एव्हरी यांनी १९३५ साली अमेरिकेत बाजारात आणली, तीही याच तत्त्वावर.

म्हणून दोन गोष्टी कळतात. एक, थंडीत काकवी बाटलीतून उतरत नाही, तसाच हा गोंदही पसरत नाही. एका डिसेंबरात भल्या सकाळी मी मोठ्या हौसेने मोटारसायकलच्या टाकीवर लेकीचं नाव लावलं आणि दुपारपर्यंत त्याची वेलांटी उडून गेली. दहा अंशांच्या खाली हे काम करूच नये. ऊन वर येऊ द्यावं. दुसरी गोष्ट, गोंद पूर्ण पसरायला वेळ लागतो. हाताला घट्ट वाटलं तरी किमान एक दिवस त्याला पाणी, धुणं, खरवडणं यांपासून लांब ठेवावं.

पण काही पृष्ठभागांवर द्रव पसरायलाच तयार नसतो. अळवाच्या पानावर पाणी टाका, ते मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. पान त्याला जवळ करत नाही. द्राक्षाचे प्लास्टिक क्रेट याच स्वभावाचे आहेत. त्यांवर नावाचा स्टिकर लावून पाहिलेल्या बागाईतदाराला विचारा. हंगाम संपायच्या आत स्टिकर रस्त्यावर असतो. दोष गोंदाचा नसतो. ते प्लास्टिकच अळवाच्या पानासारखं.

यातून एक फुकटची परीक्षा मिळते. जिथे नाव लावायचं तिथे स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी सपाट पडद्यासारखं पसरलं तर कामाला लागा. थेंबथेंब गोळा झालं आणि ते क्रेटसारखं प्लास्टिक नसेल, तर तिथे मेण, तेल किंवा पॉलिश आहे, आधी ते काढा.

५. होडी

आता कठीण पेपर. फायबरची होडी साच्यात घडते. ती साच्याला चिकटू नये म्हणून साच्याला मेण लावतात. म्हणजे नवी कोरी होडी मेणाचा हात घेऊनच बाहेर येते. वर मालक कौतुकाने तिला चकाकीचं पॉलिश मारतो. अळवाचं पान तयार! दुकानदार ओल्या फडक्याने पुसतो, नाव लावतो, फोटो काढतो. पुढचं आपण जाणतोच.

होडीचं अंग आधी साबणाने धुवावं, मग मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसावं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ते उडून जाऊ द्यावं. खाऱ्या पाण्यातली होडी असेल तर गोड्या पाण्याने धुण्याला पर्याय नाही. मिठाचा कण हवेतला ओलावा ओढतो आणि गोंदाखाली बसला तर तिथे फुगा धरतो. नुकताच रंग दिलेला असेल तर तो पूर्ण सुकेपर्यंत थांबावं. ओल्या रंगातून वाफ निघत असते. तिला वाट मिळाली नाही की अक्षरांखाली देवी आल्यासारखे फोड येतात.

जागाही महत्त्वाची. पाणी टेकतं त्या रेषेच्या वर, चांगलं हातभर वर, नाव असावं. विनाइल पावसात भिजायला बनलेलं आहे, पाण्यात बुडून राहायला नाही. दोर घासतो, टायर टेकतो, जाळं ओढलं जातं, त्या जागाही टाळाव्यात. होडीवर फिल्म सुटते ती कडेपासून. पाण्याचा मारा कडेखाली नखासारखा शिरतो. म्हणून टोकदार कोपरे थोडे गोल कापावेत आणि पुढच्या कडांना पारदर्शक सीलरचा हात फिरवावा. उजेड परत पाठवणारी पट्टी असेल तर हे हवंच, कापलेल्या कडेतून पाणी शिरलं की तिची चमक जाते.

लाकडी होडीचं काय? माझं स्पष्ट मत आहे, तिच्यावर रंगच द्यावा. लाकूड पाणी पितं, फुगतं, सुकतं आणि वरचा रंग पापुद्र्याने सुटतो. विनाइल त्या रंगाला कितीही घट्ट धरो, रंगच लाकडाला धरून नाही. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू झाली की कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढतात, डागडुजी होते, रंग चढतो, नाळेवर नाव नव्याने उमटतं. दर वर्षी रंगायचंच असेल तर सात वर्षं टिकणारी फिल्म हवी कशाला? पेंटरचा हात तिथे अजून स्वस्त आहे, आणि देखणाही.

नंबराची गोष्ट मात्र हौसेची नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी ‘कुबेर’ नावाची पोरबंदरची मासेमारी बोट ताब्यात घेऊन आले. त्यानंतर देशभरातल्या मासेमारी बोटींची एकसारखी नोंदणी सुरू झाली. महाराष्ट्रातल्या बोटीचा क्रमांक ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होतो. तो लांबून वाचता आला पाहिजे. अक्षराची उंची एक इंच असेल तर ते साधारण तीस फुटांवरून आरामात वाचता येतं, असा अंदाज धरा. तीनशे फुटांवरून वाचायचं असेल तर दहा इंच. रंगही असे निवडावेत की एकमेकांवर उठून दिसतील. निळ्या होडीवर काळा क्रमांक म्हणजे क्रमांक नसल्यातच जमा.

६. कोयता नव्हे, सुईएवढं पातं

प्लॉटर नावाचं यंत्र फिल्म कापतं. त्याचं पातं फक्त वरची फिल्म कापतं, खालचा कागद नाही. डाळिंबाची साल कापावी आणि दाण्याला धक्का लागू नये, तसं. मग नको असलेला भाग चिमट्याने सोलायचा, उरलेल्या अक्षरांवर कमी चिकट टेप लावून सगळं एकदम उचलायचं आणि जागेवर बसवायचं.

इथे देवनागरीचा एक फायदा आहे, तो इंग्रजी अक्षरांना नाही. शिरोरेषेमुळे ‘रेणुकामाता’ हा शब्द एका तोरणासारखा अखंड उचलला जातो. अक्षरं वरखाली होत नाहीत, अंतर चुकत नाही. पण त्यातच खोडही आहे. संगणकात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर चढलेली असते. ती आधी एकजीव केली नाही, तर पातं प्रत्येक सांध्यावर चिरा देतं. तोरणाचे तुकडे होतात, आणि वारा-पाणी शिरायला प्रत्येक अक्षरागणिक एक नवी कड मिळते. नाव लावून घेताना हे एवढं तरी डोळ्यांनी तपासावं.

अनुस्वार हा सगळ्यांत दुबळा. एकटा, गोल, छोटा, धरायला जागा कमी. जुन्या गाड्यांवर ‘आनद’ आणि ‘खडोबा’ वाचायला मिळतात ते त्यामुळे. टिंब थोडं मोठं ठेवावं किंवा शिरोरेषेला हलकंसं जोडून घ्यावं. उंचीचा तीस फुटांचा हिशेबही देवनागरीत जरा वाढवून धरावा, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांतच बरीच जागा जाते. दहा इंचांच्या ओळीत मूळ अक्षर सहा इंचांचंच उरतं.

होडीला आणि ट्रॉलीला दोन बाजू असतात. घोडा, मासा, गरुड, जे काही चित्र असेल ते दोन्ही बाजूंना पुढेच तोंड करून हवं, म्हणजे एका बाजूला ते उलटं कापावं लागतं. अक्षरं मात्र उलटायची नाहीत. घाईत दोन्ही एकदम उलटली जातात आणि मग एका बाजूने जगदंबा फक्त आरशात वाचता येते. रुग्णवाहिकेच्या पुढच्या बाजूला हेच मुद्दाम करतात, कारण पुढचा चालक ते आरशातच वाचणार असतो.

या दुकानांचं एक मोठं काम आता गेलं. नंबरप्लेटवर ‘२१४’ असा बसवायचा की तो ‘राम’ वाचला जावा, ही खास आपली कारागिरी. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ठशाची अतिसुरक्षित प्लेट आली आणि ती कला प्लेटवरून बॉनेटवर सरकली.

७. लावणं आणि काढणं

मोठं नाव कोरडं लावताना एकदा वाकडं बसलं की बसलं. म्हणून पाण्यात दोन-चार थेंब साबण टाकून ते पृष्ठभागावर फवारतात. नाव त्यावर तरंगतं, सरकवून सरळ करता येतं. मग प्लास्टिकची पट्टी मधून कडेकडे दाबत न्यायची, पोळीतली हवा काढावी तसं पाणी बाहेर. साबण जास्त झाला तर तोच नवं मेण ठरतो. राहिलेला बुडबुडा सुईने टोचावा, ब्लेडने चिरू नये. छिद्र मिटतं, चीर वाढते.

काढताना घाई नको. केस वाळवायच्या यंत्राने गरम करावं, कोपरा उचलावा आणि सरळ वर न ओढता जवळजवळ पाठीवर दुमडून हळू सोलावं. उरलेला गोंद रॉकेलच्या फडक्याने जातो. सोललेल्या तुकड्यांची शेकोटी मात्र करू नये, पीव्हीसी जळताना त्यातला क्लोरीन आम्लाची वाफ होऊन बाहेर पडतो आणि घसा धरतो.

एवढं करूनही एक गोष्ट निघत नाही. भोवतालचा रंग उन्हाने विटलेला असतो, अक्षरांखालचा ताजा राहिलेला असतो. म्हणून जुनी होडी विकत घेऊन तिला नवं नाव दिलेल्या माणसाला, सकाळचं ऊन तिरकं पडलं की, आधीच्या मालकाने ठेवलेलं नाव स्वच्छ वाचता येतं.